अमेरिकेत जंगलं वाचवायला लोक कोर्टात जातात तेव्हा नेमकं होतं काय?

बातम्या साधारण या क्रमाने येतात. आधी येतं की अमेरिकेतल्या अमुक पर्यावरण संघटनेने सरकारवर केस टाकली, मग काही महिन्यांनी येतं की कोर्टाचा सरकारला दणका, आणि मग वर्ष-दोन वर्षांनी त्याच प्रकल्पाला परवानगी मिळाल्याची बातमी येते. वाचणारा म्हणतो अरे हे लोक तर जिंकले होते ना, मग झालं काय? मी हा विषय बरीच वर्षं आवडीने वाचत आलोय आणि मला वाटतं सगळा गोंधळ एका समजुतीतून होतो. आपण धरून चालतो की हे जंगल राहावं की जावं याचा फैसला कोर्ट करतं. तसं जवळजवळ कधीच नसतं. कोर्ट एवढंच बघतं की सरकारने निर्णय घेताना कायद्याने सांगितलेलं सगळं केलं का, आणि हे बघेपर्यंत जो वेळ जातो त्या वेळात बाहेरचं जग बदलतं. या केसेसची खरी ताकद या दोनच गोष्टींत आहे, सरकारला कारणं कागदावर लिहायला लावणं आणि वेळ मिळवणं.

आधी आवाका सांगतो म्हणजे विषय किती मोठा आहे ते कळेल. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या मालकीची जमीन साधारण 64 कोटी एकर आहे, म्हणजे देशाच्या एकूण जमिनीच्या पाव हिश्श्याहून जास्त. आपला अख्खा महाराष्ट्र आठ वेळा त्यात मावेल आणि वर थोडी जागा उरेल. यात नॅशनल पार्क आहेत पण ते थोडे, बाकी बहुतेक जमीन वनखात्याकडे आणि ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट नावाच्या खात्याकडे आहे, आणि ही दोन्ही खाती लाकूडतोड, चराई, खाणी, तेल-गॅस या सगळ्यासाठी जमीन भाड्याने देऊ शकतात. म्हणजे जमीन लोकांची, पण तिचं काय करायचं हे दर चार वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये कोण बसलंय त्यावर हलतं. म्हणूनच लोक कोर्टात जातात.

आता एक केस जरा सविस्तर सांगतो, कारण मला वाटतं ही एक समजली की बाकीच्या अर्ध्या समजतात. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा डोंगरांत मिनरल किंग नावाचं खोरं आहे, एकोणिसाव्या शतकात तिथे खाणी काढायचा प्रयत्न झाला होता, नंतर ते सेक्वोया राष्ट्रीय वनाचा भाग म्हणून तसंच राहिलं. 1965 मध्ये वनखात्याने तिथे स्की रिसॉर्ट बांधायला टेंडर मागवलं आणि ते मिळालं वॉल्ट डिस्ने कंपनीला. प्लॅन होता साडेतीन कोटी डॉलरचा, मोटेल, हॉटेलं, स्विमिंग पूल, पार्किंग, रोज 14,000 माणसं येतील एवढा कारभार, आणि तिथपर्यंत पोचायला 20 मैलांचा रस्ता जो शेजारच्या सेक्वोया नॅशनल पार्कमधून जाणार, शिवाय त्याच पार्कमधून विजेची हाय व्होल्टेज लाईन. सिएरा क्लब ही जुनी संघटना 1969 मध्ये कोर्टात गेली. खालच्या कोर्टाने लगेच स्टे दिला, वरच्या कोर्टाने तो उठवला आणि म्हणालं की मुळात तुमचा या प्रकरणाशी संबंध काय, आणि मग मामला सुप्रीम कोर्टात गेला.

एप्रिल 1972 मध्ये सुप्रीम कोर्टाने 4 विरुद्ध 3 मतांनी निकाल दिला की सिएरा क्लबला केस करायचा हक्कच पोचत नाही. कारण त्यांनी अर्जात लिहिलं होतं की आम्ही निसर्गासाठी काम करणारी संस्था आहोत, एवढं पुरे असावं. कोर्ट म्हणालं नाही पुरे, निसर्गाचं सौंदर्य बिघडणं हे नुकसान आम्ही मानतो, पण ते तुमच्यापैकी कोणाचं होणार ते सांगा, तुमचा कोणी सदस्य त्या खोऱ्यात जातो का, तिथे मुक्काम करतो का? जस्टिस विल्यम डग्लस यांनी याच्या विरोधात लिहिलं की नदीला, डोंगराला, झाडांना स्वतःच्या नावाने केस करता यायला हवी, आणि ते मत आजही जगभर वाचलं जातं, पण ते अल्पमत होतं.

म्हणजे क्लब हरला. पण निकालातच एक फट होती, कोर्टाने म्हटलं होतं की अर्ज दुरुस्त करायला आमची हरकत नाही. त्यांनी दुरुस्त केला, तिथे खरंच जाणाऱ्या लोकांना पुढे आणलं. आणि या तीन वर्षांत एक मोठी गोष्ट झाली होती, 1 जानेवारी 1970 ला राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा लागू झाला होता, ज्याच्यामुळे अशा कुठल्याही मोठ्या प्रकल्पाआधी परिणामांचा सविस्तर अहवाल काढणं सरकारला भाग पडलं. मग तो अहवाल, त्यावर हरकती, खर्च वाढत चाललेला, लोकांचं मत फिरलेलं, डिस्नेने हळूहळू अंग काढून घेतलं. 1978 मध्ये संसदेने मिनरल किंग सरळ सेक्वोया नॅशनल पार्कमध्ये सामील केलं. खोरं आजही तसंच आहे. केस हरली आणि खोरं राहिलं, कारण केस चालू असताना बुलडोझर थांबून राहिले. याच काळात, 1971 मध्ये, सिएरा क्लबच्या नावाने एक वेगळा कायदेशीर निधी सुरू झाला, तोच पुढे स्वतंत्र होऊन अर्थजस्टिस या नावाने ओळखला जायला लागला. आज अशा बातम्यांत सगळ्यात जास्त दिसणारं नाव बहुधा हेच, आणि ते ज्यांची केस लढतात त्यांच्याकडून फी घेत नाहीत.

तर पहिला अडथळा हा, केस करणारा कोण. आपल्याकडे जनहित याचिकेमुळे कोणीही जागरूक नागरिक हायकोर्टात जाऊ शकतो, तिथे तसं नाही. 1992 च्या एका निकालात हे आणखी कडक झालं. त्यात केस करणाऱ्या संघटनेच्या दोन सदस्य होत्या, एक इजिप्तला मगरींचा अधिवास बघायला जाऊन आलेली, दुसरी श्रीलंकेला हत्ती आणि बिबट्यांसाठी, दोघींनी सांगितलं की आम्हाला पुन्हा जायचंय. कोर्टाने विचारलं कधी? कधीतरी. कोर्ट म्हणालं कधीतरी चालणार नाही, ठोस बेत दाखवा. म्हणून आज कुठल्याही पर्यावरण केसची फाईल उघडली तर त्यात साध्या माणसांची प्रतिज्ञापत्रं जोडलेली असतात, मी या नदीत मासेमारी करतो, या पायवाटेने दरवर्षी जातो, येत्या उन्हाळ्यात परत जाणार आहे, आणि इथे ड्रिलिंग सुरू झालं की मला आवाज येईल, धूळ येईल, आकाशातले तारे दिसायचे बंद होतील. मला ही प्रतिज्ञापत्रं वाचायला फार आवडतं. कायद्याच्या रुक्ष कागदांत मध्येच कोणाचं तरी जमिनीवरचं प्रेम तारीख-वार घालून लिहिलेलं सापडतं, आणि ते तिथे नसेल तर केस दारातच पडते.

दुसरी गोष्ट, कोर्ट तपासतं काय. इथे 1946 चा एक कायदा कामाला येतो, सरकारी खात्यांनी कारभार कसा करावा याचा. त्यात आहे की खात्याचा निर्णय मनमानी असेल तर कोर्ट तो रद्द करेल. याचा अर्थ निर्णय चुकीचा वाटतो म्हणून रद्द होत नाही. बोर्डाच्या गणिताच्या पेपरात पायऱ्यांचे मार्क असतात ना, तसं समजा, कोर्ट उत्तर बघत नाही, पायऱ्या बघतं. सरकारने पुरावा बघितला का, जो बघितला त्याच्याशी निर्णय जुळतो का, लोकांच्या सूचना मागवल्या का आणि महत्त्वाच्या सूचनांना उत्तर दिलं का, दुसरा पर्याय विचारात घेतला का, आणि आधीचं धोरण उलटं करत असाल तर ते का करताय हे सांगितलं का. सरकार बदललं म्हणून धोरण बदलायला कोणाची ना नाही, पण नुसतं मनात आलं म्हणून बदललं असं चालत नाही. नवीन सरकार आलं की घाईघाईत जुने नियम उडवायला जातं आणि कोर्टात आपटतं, त्यातला मोठा भाग याच कारणाने आपटतो, पायऱ्या गाळल्या म्हणून.

हवामानाच्या केसेस पण याच रस्त्याने येतात. 1999 मध्ये काही संघटनांनी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याकडे, म्हणजे ईपीएकडे अर्ज केला की गाड्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साईड हे प्रदूषण आहे, त्यावर नियम करा. 2003 मध्ये खात्याने सांगितलं आम्हाला तो अधिकारच नाही. मग मॅसॅच्युसेट्स आणि इतर काही राज्यं, सोबत संघटना, अशा सगळ्यांनी केस केली आणि 2007 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 ने सांगितलं की हरितगृह वायू हे हवेचं प्रदूषण या व्याख्येत बसतात. आणि तुमचं वैयक्तिक नुकसान काय या प्रश्नाला इथे उत्तर होतं मॅसॅच्युसेट्सचा समुद्रकिनारा, पाणी वाढतंय आणि राज्याची जमीन जातेय. पण नीट बघा, कोर्टाने नियम करा असं नाही सांगितलं, सांगितलं की विज्ञान बघा आणि हे वायू घातक आहेत की नाहीत ते कायद्याप्रमाणे ठरवा. 2009 मध्ये ईपीएने ठरवलं की घातक आहेत, आणि त्यानंतर गाड्या आणि वीजकेंद्रांवर हवामानाचे जे नियम आले ते त्या एका निष्कर्षावर उभे राहिले. 2025 मध्ये ट्रम्प सरकारने नेमका तोच निष्कर्ष मागे घ्यायचा प्रस्ताव आणला, कारण पाया गेला की वरचं सगळं आपोआप जातं.

सार्वजनिक जमीन आणि हवामान हे दोन्ही एकत्र येतात ते तेल-गॅसच्या लीजमध्ये. वायोमिंग राज्यात ब्युरोने तीन लाखांहून जास्त एकर जमीन ड्रिलिंगसाठी लीजवर दिली, आणि प्रत्येक वेळी कागदावर जवळपास असंच की यातून हवामानावर होणारा परिणाम आत्ता सांगता येत नाही. वाइल्डअर्थ गार्डियन्स ही संघटना कोर्टात गेली. 2019 मध्ये जजने सांगितलं की एकेक लीज सुटं बघून परिणाम नगण्य आहे म्हणणं बरोबर नाही, देशभरात अशी किती लीज आहेत त्यांचा एकत्र हिशोब करा. ब्युरोने नवीन हिशोब आणला, तो पण 2020 मध्ये त्याच कोर्टाने अपुरा ठरवला. संघटना दोनदा जिंकली, तरी कोर्टाने काय केलं, तर कागद परत पाठवले.

या कागद परत पाठवण्याचं दुसरं टोक बघायचं असेल तर अलास्कातला विलो प्रकल्प बघा, आर्क्टिकच्या काठावरचा प्रचंड मोठा तेलाचा प्रकल्प. 2020 मध्ये ट्रम्प सरकारने परवानगी दिली, 2021 मध्ये कोर्टाने ती रद्द केली, कारण तिथून निघालेल्या तेलामुळे परदेशातला वापर आणि धूर किती बदलेल हे मोजलंच नव्हतं, आणि ध्रुवीय अस्वलांच्या संरक्षणाचाही प्रश्न होता. त्या दिवशी सगळीकडे विजयाच्या पोस्ट. मग बायडन सरकारने मोजदाद करून, ड्रिलिंगच्या जागा पाचावरून तीनवर आणून 2023 मध्ये पुन्हा परवानगी दिली, आणि त्याच जजने ही दुसरी परवानगी कायम ठेवली. आकडे भयंकर होते पण आकडे लिहिलेले होते, कायदा एवढंच मागतो. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, पण ज्यांना या केसेस समजून घ्यायच्यात त्यांनी विलो पक्कं लक्षात ठेवायला हवं. तरी तीन वर्षांचा उशीर झाला आणि दोन जागा कमी झाल्या हे केसमुळेच.

आता स्टे. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि बातम्यांत सगळ्यात कमी समजावलेली गोष्ट. केस निकाली लागायला वर्षं जातात, तोवर काम थांबवायचं की नाही हा वेगळा अर्ज असतो, आणि खरं मरण तिथेच असतं. 2019 चं आरे आपल्यापैकी कित्येकांनी पाहिलंय, 4 ऑक्टोबरला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली, आणि 7 तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबा म्हणेपर्यंत दोन हजारांवर झाडं पडली होती. अमेरिकेत याच गोष्टीचं मोठं उदाहरण म्हणजे डकोटा ॲक्सेस पाईपलाईन. स्टँडिंग रॉक सू या आदिवासी जमातीचं म्हणणं होतं की ही पाईपलाईन आमच्या पिण्याच्या पाण्याखालून, मिसुरी नदीवरच्या तलावाखालून जाते आणि नीट अभ्यास झालेला नाही. त्यांना काम थांबवायचा आदेश मिळाला नाही आणि जून 2017 मध्ये तेल वाहायला लागलं. 2020 मध्ये कोर्टाने मान्य केलं की अभ्यास अपुरा होता, पूर्ण अहवाल करा, आणि पाईपलाईन रिकामी करायचाही आदेश दिला, पण वरच्या कोर्टाने रिकामी करायचा भाग अडवला. जमातीचं म्हणणं बरोबर निघालं आणि तेल वाहतच राहिलं. स्टे मिळाला असता तर आधी अभ्यास झाला असता, मग पाईप. म्हणून पुढच्या वेळी केस टाकली अशी बातमी दिसली की आधी शोधा, स्टे मागितला का, मिळाला का.

आणि समजा स्टे मिळाला, पुढे निकालही पूर्ण बाजूने लागला, तरी संसद आहेच. 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने टेनेसीमधलं जवळजवळ बांधून झालेलं टेलिको धरण एका बोटभर माशासाठी थांबवलं, स्नेल डार्टर त्याचं नाव, कारण धोक्यातल्या प्रजातींचा 1973 चा कायदा तसं स्पष्ट सांगत होता. पुढच्याच वर्षी संसदेने खर्चाच्या एका बिलात ओळ घुसवून धरणाला त्या कायद्यातून सूट दिली आणि दरवाजे बंद झाले. मासा मात्र टिकला, कारण दरम्यान त्याला दुसऱ्या नद्यांत सोडलं होतं आणि आणखी काही ठिकाणी तो सापडला, 2022 मध्ये त्याचं नाव धोक्याच्या यादीतून निघालं.

कधी कधी निकालाची गरजच पडत नाही. युटामधलं बेअर्स इअर्स, लाल खडकांचा प्रदेश, होपी, नवाहो, झुनी, यूट अशा जमातींसाठी पवित्र, ओबामांनी 2016 च्या शेवटी साडेतेरा लाख एकर संरक्षित केलं, ट्रम्पनी वर्षभरात ते सुमारे 85 टक्क्यांनी कमी केलं. जमाती आणि संघटना लगेच कोर्टात गेल्या. प्रश्न चांगला होता, 1906 चा कायदा राष्ट्राध्यक्षाला राष्ट्रीय स्मारक, म्हणजे असा संरक्षित प्रदेश, जाहीर करायचा अधिकार देतो, पण आधीच्याचं छाटायचा देतो का? त्याचं उत्तर कोर्टाकडून आलंच नाही, कारण केस पडून असताना सरकार बदललं आणि 2021 मध्ये बायडननी सीमा पूर्ववत केल्या.

हवामानासाठी मुलांनी केलेल्या केसेसबद्दल थोडक्यात. 21 मुलांनी 2015 मध्ये केंद्र सरकारवर टाकलेली केस वर्षानुवर्षं चालून शेवटी 2025 मध्ये संपली, कोर्टाचं म्हणणं हे आम्ही सोडवू शकत नाही. पण मोंटाना राज्याच्या स्वतःच्या घटनेत स्वच्छ आणि निरोगी पर्यावरणाचा हक्क लिहिलेला आहे, तिथे 16 मुलं 2023 मध्ये जिंकली आणि राज्याच्या सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये 6 विरुद्ध 1 ने ते कायम केलं. फरक मुलांच्या बाजूचा नव्हता, हक्क कुठे लिहिलाय याचा होता.

अलीकडे वारं उलटं वाहतंय हे पण सांगायला हवं. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने युटामधल्या 88 मैलांच्या एका रेल्वेमार्गाच्या केसमध्ये 8 विरुद्ध 0 ने सांगितलं की परिणाम अहवाल किती खोल हवा याबाबत कोर्टांनी सरकारी खात्याचं ऐकावं, आणि रेल्वेचा अभ्यास करताना त्या रेल्वेने जाणारं तेल पुढे कुठे जळेल याचा हिशोब मागायची गरज नाही. म्हणजे पायऱ्यांचं सगळ्यात धारदार हत्यार बोथट झालं. दुसरीकडे 2024 मध्ये याच कोर्टाने एक चाळीस वर्षं जुना नियम मोडीत काढला, कायद्यातला शब्द अस्पष्ट असेल तर खात्याचा वाजवी अर्थ कोर्टांनी मान्य करावा असा तो नियम होता. तेव्हा सगळे म्हणाले आता पर्यावरणाचे नियम टिकणं कठीण, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे, पण त्याची दुसरी बाजू पण आहे, आता पर्यावरणाचे नियम काढून टाकणाऱ्या सरकारलाही आमचा अर्थ आहे म्हणून माना असं म्हणता येत नाही. संघटनांचे वकील ही दुसरी बाजू वापरायला लागलेत.

सध्या मी जी केस येणार म्हणून डोळे लावून बसलोय ती रस्ते नसलेल्या जंगलांची. 2001 मध्ये, 600 हून जास्त जनसभा आणि 16 लाख सूचनांनंतर, वनखात्याने नियम केला की 5 कोटी 85 लाख एकर राष्ट्रीय जंगलात नवीन रस्ते आणि मोठी लाकूडतोड नको, महाराष्ट्राच्या पाऊण भागाएवढं जंगल आहे ते. बुश सरकारने 2005 मध्ये तो बदलला, 2006 मध्ये कोर्टाने परत आणला, दुसऱ्या कोर्टाने दोनदा रद्द ठरवला होता ते अपिलात 2011 मध्ये फिरलं. इतकी वर्षं हा नियम केसेसच्या जोरावर उभा आहे. जून 2025 मध्ये कृषीमंत्री ब्रुक रॉलिन्स यांनी जाहीर केलं की तो काढून टाकणार, आणि त्यावर सूचना पाठवायला लोकांना तीन आठवडे दिले. तेवढ्या वेळात लाखो सूचना गेल्या, प्यायचं पाणी कुठून येतं, सॅमन मासे कुठे अंडी घालतात, वणवे रस्त्यांच्या कडेने जास्त का लागतात. अंतिम नियम येईपर्यंत कोर्ट ऐकून घेणार नाही, पण या सूचना आता सरकारी फाईलमध्ये आहेत, आणि त्यातल्या एका जरी महत्त्वाच्या मुद्द्याला खात्याने उत्तर दिलं नसेल तर जजसमोर पहिल्या दिवशी तेच पान उघडलं जाईल.